हिमनदी ते मकरवृत्त, एकाच बॅगेत

निघण्यापूर्वी

चिलीतल्या सान अन्तोनियो बंदरात जहाजावर चढायचं, खंडाच्या दक्षिण टोकाकडच्या पॅटागोनियाच्या फ्योर्डांमधून, म्हणजे कड्यांमधल्या चिंचोळ्या खाड्यांमधून, दक्षिणेला जायचं, केप हॉर्न ओलांडून अटलांटिकमध्ये शिरायचं आणि फॉकलंड, पुएर्तो माद्रिन, माँटेव्हिडिओ, ब्यूनॉस आयर्स करत रिओ दि जानेरोला उतरायचं, असा मार्ग ठरला. महिना जानेवारी, म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा. तरीही उशुआयाला दुपारचा पारा चौदा-पंधरा अंशांपाशी घुटमळतो आणि रात्री पाच-सहावर येतो. रिओत त्याच महिन्यात तिशी ओलांडलेली असते आणि हवा एवढी दमट की ओला टॉवेल वाळता वाळत नाही.

ताईचा हिशेब सरळ होता. "एक बॅग थंडीची, एक उकाड्याची."

"ताई, अर्धा प्रवास एक बॅग पलंगाखाली लोळणार आणि उरलेला अर्धा दुसरी," मी म्हटलं. "आणि विमानात वजन कोण भरणार?"

जहाजावर सामानाचं फारसं बंधन नसतं, अडतं ते विमानात. माणशी तेवीस किलोंत बसवायचं म्हटलं की जाड स्वेटर आणि लांब कोट आपोआप बाद होतात. हवा काढून घेणाऱ्या पिशव्यांचा मोह पडतो, पण त्या जागा वाचवतात, वजन नाही. उलट बॅगेत जागा दिसली की आपण आणखी चार कपडे कोंबतो आणि काट्यावर उघडे पडतो.

माझं म्हणणं असं की अशा प्रवासात थंडी आणि उष्णता हे विषयच दुय्यम आहेत. दक्षिणेत गाठ पडते वाऱ्याशी आणि पावसाशी, उत्तरेत घामाशी. तिन्हींवर उपाय बराचसा एकच: अंगालगत पातळ, पटकन वाळणारा कपडा. सुती कपडा पाणी पितो आणि धरून बसतो. थंडीत तो ओला झाला की अंगातली ऊब ओढून घेतो आणि उकाड्यात दिवसभर पाठीला चिकटतो. पातळ मेरिनो लोकर ओली असतानाही बऱ्यापैकी ऊब देते आणि तिला घामाचा वास लवकर लागत नाही. म्हणून आमची यादी आतून बाहेर अशी झाली. मेरिनोचे दोन बनियन, एक फ्लीस (कृत्रिम धाग्याचं मऊ, उबदार जाकीट), घडी करून मुठीत मावेल असं पिसांचं जाकीट आणि या सगळ्यांवरून चढेल असा एक माप मोठा, वारा आणि पाणी दोन्ही अडवणारा टोपीवाला कोट. तसलीच पावसाळी पँट. बाकी पटकन वाळणाऱ्या दोन पँटी, तीन अर्ध्या बाह्यांचे सदरे, एक पूर्ण बाह्यांचा सैल लिननचा सदरा. हा शेवटचा उन्हालाही चालतो आणि डासांनाही. कानटोपी, गळपट्टी, हातमोज्यांचे दोन जोड: आतले पातळ, बाहेरचे जलरोधक. गॉगल, पोहण्याचे कपडे, नाडी असलेली हॅट. नाडी नसलेली हॅट पॅटागोनियात नेणं म्हणजे ती समुद्राला अर्पण करणं.

पादत्राणांचे दोनच जोड. जलरोधक चालायचे बूट, जे विमानात पायातच घालायचे, आणि सँडल. संध्याकाळच्या जेवणाला नटूनथटून यावं असं जहाजाचं म्हणणं असतं, त्यासाठी एक गडद रंगाचा पोशाख आणि एक शाल. ही शाल पुढे फार कामाला आली.

कपड्यांइतकाच वेळ कागदांनी खाल्ला. या मार्गावर अर्जेंटिनात तीनदा शिरावं लागतं: उशुआया, पुएर्तो माद्रिन आणि ब्यूनॉस आयर्स, आणि मधे मधे इतर देश. ज्यांच्या पासपोर्टला व्हिसा लागतो त्यांनी तो एकाच प्रवेशाचा तर नाही ना, हे पाहायलाच हवं. दुसरी गोष्ट पिवळ्या तापाची लस. ब्राझीलहून येणाऱ्यांकडे तिचं प्रमाणपत्र अनेक देश मागतात आणि ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी ग्राह्य धरलं जातं, त्यामुळे निघायच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतलेली लस 2016 पासून आयुष्यभरासाठी मान्य आहे, हा एक दिलासा.

पहिला दिवस: सान अन्तोनियो

सँटियागोचा विमानतळ गाठला तेव्हा बाहेर रखरखीत ऊन होतं. चिलीत उतरताना फळं, बिया, मध, लाकडी वस्तू असं काही असेल तर ते जाहीर करावं लागतं. लपवलं तर दंड जबर असतो. वाटेत खायला घेतलेलं सफरचंद पर्समध्ये राहिलं तरी तो गुन्हाच, म्हणून विमानातून उतरण्याआधी आम्ही सगळे कप्पे उलटेपालटे केले.

तिथून बंदर शंभरएक किलोमीटरवर. जसजसा समुद्र जवळ आला तसा उन्हाचा जोर ओसरला आणि धक्क्यावर तर अंगावर काटा आला. दक्षिणेकडून वर येणारा हंबोल्ट प्रवाह हा किनारा उन्हाळ्यातही गार ठेवतो. पिसांचं जाकीट पहिल्याच दिवशी बाहेर निघालं.

मोठ्या बॅगा धक्क्यावरच ताब्यात घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होऊ शकते. तोवर खांद्यावरच्या पिशवीत जे असेल तेच आपलं. औषधं, पासपोर्ट, एक जास्तीचा कपड्यांचा जोड, चार्जर. पॉवर बँक तर विमानामुळेही हातातच ठेवावी लागते. सामान तपासताना इस्त्री, किटली, मेणबत्त्या काढून घेतात. आगीची भीती सगळ्यांत मोठी. जोडीला सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेंशन बोर्डही चालत नाही.

केबिनच्या भिंती पोलादी असतात, त्यामुळे लोहचुंबकाचे हूक त्यांना घट्ट चिकटतात. आम्ही सहा हूक नेले होते. ओले कोट, टोप्या, पिशव्या सगळं त्यांवर टांगलं आणि तेवढ्याशा खोलीत चालायला वाट उरली.

दुसरा आणि तिसरा दिवस: समुद्र, मग पुएर्तो माँत

पहिला पूर्ण दिवस पाण्यावर. ताईला बोट लागली, पण थोडक्यात आटोपलं. आमची केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर होती, जिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. आरक्षण करताना वरच्या मजल्यावरची बाल्कनी सोडली होती ती याचसाठी.

पुएर्तो माँतला जहाज धक्क्याला न लागता बाहेर नांगर टाकतं आणि लहान टेंडर बोटींनी किनाऱ्यावर नेतात. पाऊस आडवा येत होता. छत्री उघडणाऱ्यांच्या छत्र्या उलट्या झाल्या. यान्कीवे सरोवराकाठी गेलो, पण 2652 मीटरचा ओसोर्नो ज्वालामुखी ढगांत गडप होता. पेत्रोवेच्या धबधब्याचं हिरवंगार पाणी मात्र त्या करड्या दिवसातही उजळ दिसत होतं. पावसाळी पँटीचा खर्च इथेच वसूल झाला. गुडघ्यापासून खाली निथळत असलेली माणसं परतीच्या बसमध्ये कुडकुडत होती.

रात्री मेरिनोचा बनियन बेसिनमध्ये धुतला, टॉवेलात गुंडाळून पिळला आणि हुकावर टांगला. एसीची हवा कोरडी, सकाळी तो वाळलेला.

चौथा आणि पाचवा दिवस: फ्योर्ड

गोल्फो दे पेनास हे आखात उघड्या प्रशांत महासागराच्या तोंडावर आहे. ते ओलांडताना रात्रभर कपाटाची दारं आपटत होती. सकाळी जाग आली ती एकदम शांततेने. जहाज चिंचोळ्या खाड्यांमध्ये शिरलं होतं, दोन्ही बाजूंना ओल्या झाडांनी झाकलेले कडे आणि त्यांवरून सुतासारखे ओघळणारे धबधबे.

पाचव्या दिवशी पीओ अकरावा हिमनदी. दक्षिण पॅटागोनियाच्या हिमक्षेत्रातून उतरणारी ही हिमनदी साठ किलोमीटरहून लांब आहे. आसपासच्या बहुतेक हिमनद्या मागे सरकत असताना ही अनेक दशकं पुढे येत राहिली, म्हणून अभ्यासकांचं तिच्यावर विशेष लक्ष. जहाज तिच्यासमोर जवळजवळ थांबलं. बर्फाच्या अंगाला निळा रंग दिसतो तो दाट बर्फ तांबडा प्रकाश शोषून घेतो म्हणून. मधेच कुठेतरी तडकल्याचा आवाज यायचा, तिकडे बघेपर्यंत तुकडा पाण्यात गेलेला असायचा.

डेकवर तासभर टिकायचं तर थरांची परीक्षा होते. हिमनदीवरून घसरत येणारी हवा जड आणि बोचरी असते. आम्ही यादीतलं सगळं चढवलं होतं. माझ्या बाजूला एक गृहस्थ भलामोठा, गुडघ्यापर्यंतचा लोकरी ओव्हरकोट घालून उभे होते. वारा त्यांच्या कोटातून आरपार जात होता आणि ते पाच मिनिटांत आत पळाले. मला वाटतं, थंडीसाठी एकच महागडी वस्तू घ्यायची असेल तर ती वारा अडवणारा बाहेरचा कोट असावी. आत काहीही साधं चालतं.

थंडीत कॅमेऱ्याची आणि फोनची बॅटरी झपाट्याने उतरते. जास्तीची बॅटरी आतल्या खिशात, छातीलगत ठेवायची. गारठून मेलेली बॅटरी अंगाच्या उबेने पुन्हा थोडी जागी होते. पातळ आतल्या हातमोज्यांचा फायदाही इथेच कळला: शटर दाबायला बाहेरचे काढले तरी बोटं उघडी पडत नाहीत.

सहावा दिवस: पुंता अरेनास

मॅगेलनने 1520 मध्ये शोधलेल्या सामुद्रधुनीवरचं हे गाव. 1914 मध्ये पनामा कालवा खुला झाला आणि इथून जाणारी जहाजवाहतूक आटली, पण त्याआधीच्या भरभराटीतले वाडे चौकाभोवती अजून दिमाखात उभे आहेत. वाऱ्याचे दिवस एवढे वाईट असतात की लोकांना धरायला रस्त्याकडेला दोर बांधतात. आमच्या दिवशी दोरांची गरज नव्हती, तरी चौकातून जाताना ताई माझा दंड धरून होती.

ऊन स्वच्छ होतं आणि हवा गार, त्यामुळे कुणाला सनस्क्रीन आठवलं नाही. इतक्या दक्षिणेला हवा निर्मळ असते आणि ओझोनचा थर काही काळ विरळ होतो. अतिनील किरणांना थंडीशी देणंघेणं नाही. संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये लालबुंद नाकं पाहिली. सनस्क्रीन आणि ओठांचं मलम उष्ण प्रदेशाच्या कप्प्यात बांधून ठेवू नये, ते पहिल्या दिवसापासून हाताशी हवं.

सातवा दिवस: बीगल खाडी आणि उशुआया

सकाळी लवकर उठून डेकवर गेलो. बीगल खाडीच्या उत्तर काठावर एकामागून एक हिमनद्या उतरतात, त्यांना देशांची नावं: स्पेन, जर्मनी, फ्रान्स, इटली, हॉलंड. मग उशुआया.

या किनाऱ्यांवर यागान लोक हजारो वर्षं जवळजवळ उघड्याने राहिले. अंगाला सीलची चरबी चोपडायची, होडीतही विस्तव जागता ठेवायचा. या भागाला तिएरा देल फुएगो, आगीचा प्रदेश, म्हणतात ते मॅगेलनच्या लोकांना किनाऱ्यावर दिसलेल्या जाळांमुळे. बीगल जहाजावरून आलेल्या डार्विनने उघड्या बाईच्या अंगावर आणि तिच्या तान्ह्या मुलावर पडून वितळणाऱ्या हिमाचं वर्णन केलं आहे, आणि ते वाचताना आपल्या अंगावर शहारा येतो. पण सतत पाऊस आणि समुद्राचं पाणी अंगावर घेणाऱ्यांसाठी त्यात शहाणपण होतं. ओलं कातडं पांघरण्यापेक्षा चरबी लावलेली कातडी बरी, ती पाणी झटकते आणि विस्तवापाशी लगेच वाळते. पुढे बाहेरून आलेल्यांनी त्यांना कपडे घालायला लावले आणि ते कपडे अंगावर ओलेच राहू लागले. रोगराईने तर त्यांची संख्या भराभर घटली.

राष्ट्रीय उद्यानातल्या पायवाटा पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या, दलदलीतून जातात. वरून हिरवा गालिचा, पाय टाकला की घोट्यापर्यंत पाणी. बूट जलरोधक हवेत म्हणतात ते यासाठी. रात्री साडेनऊला अजून लख्ख उजेड होता.

आठवा दिवस: केप हॉर्न

56 अंश दक्षिण अक्षांशाला टेकलेला काळा, टोकदार कडा. 1616 मध्ये इथून गेलेल्या डच खलाशांनी आपल्या होर्न गावाचं नाव त्याला दिलं. आमच्याएवढ्या मोठ्या जहाजातून इथे उतरता येत नाही, लांबूनच बघायचं. दुर्बिणीतून अल्बाट्रॉसचं स्मारक दिसलं: पोलादी पत्र्यांमधली मोकळी जागाच पक्ष्याचा आकार घेते. वाऱ्यामुळे वरच्या डेकची दारं बंद ठेवली होती, खालच्या डेकवर कठडा दोन्ही हातांनी धरून उभं राहावं लागत होतं. कोटाची टोपी वाऱ्याने मागे उडत होती, कानटोपी मात्र जागची हलली नाही.

नववा दिवस: स्टॅनली, लांबूनच

स्टॅनली ही फॉकलंड बेटांची राजधानी. तिथे उतरण्यापूर्वी बुटांचे तळवे आणि कोटाच्या वेल्क्रोत अडकलेल्या गवताच्या बिया साफ करायच्या असतात, बाहेरचं तण बेटावर जाऊ नये म्हणून. आम्ही दात घासायच्या जुन्या ब्रशने रात्री ते काम उरकलं. सकाळी शेकडो माणसं थर्मल, फ्लीस, कोट, टोप्या चढवून टेंडरची वाट बघत हॉलमध्ये बसली. हॉल गरम केलेला. अर्ध्या तासात सगळ्यांच्या कपाळावर घाम.

"रिओ इथेच आलं की गं," ताई म्हणाली आणि तिने कोट काढला.

मग कप्तानाची घोषणा: वारा वाढला आहे, बोटी सोडणं धोक्याचं, जहाज पुढे निघत आहे. स्टॅनलीत हे वरचेवर घडतं आणि कप्तानाचं बरोबरच असतं. लाल-हिरव्या छपरांचं गाव खिडकीतून पाहिलं आणि मागे टाकलं.

अकरावा दिवस: पुएर्तो माद्रिन

मधला एक दिवस पाण्यावर गेला आणि मग पॅटागोनियाच्या कोरड्या बाजूला पोचलो. 1865 मध्ये मिमोसा जहाजातून वेल्समधले वसाहतकरी इथे उतरले होते. पुंता तोंबोला जायला जवळजवळ 180 किलोमीटर, बहुतेक वाट झुडपं आणि धूळ. आणि तिथे, डोक्यावर रणरणतं ऊन असताना, हजारो मॅगेलन पेंग्विन. चोच उघडी टाकून धापा टाकत, पंख पसरून झुडपांच्या सावलीत उभे. सांडलेल्या पिसांचे पुंजके अंगावर लोंबणारी पिल्लं आमच्या वाटेवरून रमतगमत जात होती, वाट द्यायची ती आपण. पेंग्विन बघायचे म्हणून जाड कोट घेऊन आलेल्यांची बसमध्ये पंचाईत झाली. इथे लागले ते लिननचा सदरा, हॅट आणि पाणी.

बारावा दिवस: समुद्र

हा दिवस कुणाच्या यादीत नसतो, पण मला तो सर्वांत आवडला. फॉकलंडचा थंड प्रवाह दक्षिणेकडून वर येतो, ब्राझीलचा उष्ण प्रवाह उत्तरेकडून खाली, आणि साधारण 38 अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास दोघांची गाठ पडते. दोन्हींच्या पाण्यात आठ-दहा अंशांचा फरक असू शकतो. सकाळी डेकवर फ्लीस घालून फिरत होतो. दुपारी धुकं आलं, भोंगा वाजायला लागला. ते विरलं तेव्हा हवा मऊ, कोमट झाली होती आणि लोक पोहण्याच्या तलावाशी आडवे पडले होते. एवढा पालट होऊनही घड्याळाला हात लावावा लागला नाही. चिलीची उन्हाळी वेळ, अर्जेंटिना, फॉकलंड, उरुग्वे, ब्राझीलचा हा किनारा, सगळे ग्रिनिचच्या तीन तास मागे.

त्या संध्याकाळी बॅगेतली उलथापालथ केली. थंडीचे कपडे धुऊन, पूर्ण वाळवून तळाशी. अर्धवट वाळलेला लोकरी कपडा दमट हवेत बंद करून ठेवला तर कुबट वास मारतो. जाकीट आणि कोट मात्र तळाशी न टाकता कडेला ठेवले, परतीच्या विमानासाठी. फ्लीस आणि शाल बाहेरच राहिली.

तेरावा आणि चौदावा दिवस: माँटेव्हिडिओ, ब्यूनॉस आयर्स

रिओ दे ला प्लातात शिरलो की समुद्राचा रंग मातकट होतो. पाराना आणि उरुग्वे या नद्यांचा गाळ. माँटेव्हिडिओत किनाऱ्याच्या रस्त्यावर पायी भटकलो, ब्यूनॉस आयर्समध्ये रेकोलेता आणि ला बोका या वस्त्यांमधून. दोन्हीकडे सँडल, सदरा, हॅट. फार सांगण्यासारखं काही नाही, शहरं छान आहेत.

पंधरावा, सोळावा दिवस: समुद्र, आणि रिओ

आता बाहेर चिकचिक आणि आत कडाक्याचा गारवा. जेवणाचा हॉल आणि नाट्यगृह इतकं थंड ठेवतात की फ्लीस हिमनद्यांपाशी वापरला नसेल एवढा इथे वापरला. ताईची शाल तिच्या खांद्यावरून उतरली नाही. उष्ण प्रदेशातला जलप्रवास म्हणून गरम कपडा घरी ठेवणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

कॅमेऱ्याचं दुखणंही उलटं झालं. एसीतून बाहेर आणला की दमट हवेतलं पाणी गार काचेवर साचतं आणि सगळे फोटो दुधाळ येतात. केबिनमध्येच त्याला झिपच्या प्लास्टिक पिशवीत बंद करायचं, पिशवीसकट बाहेर न्यायचं आणि वीस-पंचवीस मिनिटं थांबायचं. बाष्प पिशवीवर जमतं, काच कोरडी राहते.

मोठ्या बॅगा आदल्या रात्री केबिनबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे, सँडल, पासपोर्ट, औषधं मागे ठेवूनच चेन लावायची. त्याच रात्री कधीतरी जहाजाने मकरवृत्त ओलांडलं. सगळ्या प्रवासातला भूगोलाच्या भाषेतला उष्ण कटिबंध म्हणजे एवढाच, शेवटचे काही तास.

पहाटे ग्वानाबारा उपसागरात शिरताना डेकवर पाय ठेवायला जागा नव्हती. डावीकडे 396 मीटर उंचीचा शुगरलोफ, मागे कोर्कोवादोवर ख्रिस्ताचा पुतळा ढगात जाऊन येऊन. दुपारी रोपवेने दोन टप्प्यांत शुगरलोफवर गेलो आणि वर पोचताच धो धो पाऊस आला. जानेवारी हा तिथला पावसाचा महिना. केप हॉर्नला घातलेला कोट पिशवीत होताच. अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यावर तोच चढवला, आतून घामाने भिजले, पण कॅमेरा कोरडा राहिला.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने आधी पिवळ्या तापाचं कार्ड मागितलं, मग पासपोर्ट. बॅग काट्यावर साडेबावीस किलो भरली.